सात आणि आठच्या मध्ये

लोकांना वाटतं, मी मातीत हात घालते.
मी घालते फायलींत.
आयोवा राज्य, रस्ते खातं, तिसरा मजला.
खिडकीतून मीठ दिसतं,
हिवाळ्यात रस्त्यांवर फेकायचं,
काळ्या ताडपत्रीखाली टेकडीएवढं.

वर्षाला नऊशे प्रकल्प.
मोऱ्या, वळणं, पुलांचे कठडे,
कुणाच्या तरी मक्यातली चार फुटी पट्टी.
नकाशावर मी जुना नकाशा ठेवते,
त्यावर त्याहून जुना,
आणि खाली लिहिते: ना हरकत.
एकतीस वर्षांत इतक्यांदा लिहिलं
की आता सही आधी येते,
नजर मागून.

मंगळवारी व्हर्लिन श्टूरचा फोन.
व्हर्लिन पोकलेन चालवतो.
"माती काळी लागलीय," म्हणाला,
"ट्रकच्या चाकाएवढी.
आणि फारच गोल आहे."
त्याला थांबायचं काही कारण नव्हतं,
फायलीत ना हरकत होती.
बादली अर्ध्यावर तशीच धरून
तो खाली उतरला होता,
पाऊस भुरभुरत होता म्हणून
काळ्या मातीवर स्वतःचा कोट टाकला होता.

सही माझीच. एकोणीस वर्षांपूर्वीची.
तेव्हा माझ्या सहीला लांब शेपूट असायचं.
दर पंधरा मीटरवर एक खड्डा, हा नियम.
खड्डा क्रमांक सात: काही नाही.
खड्डा क्रमांक आठ: एक बाटलीचं बूच.
चूल सातापासून सहा मीटरवर होती.
तडकलेले दगड, अक्रोडाच्या जळक्या कवच्या,
एका खापरीवर दोरीचा वळ.
मी नियमात राहून चुकले होते.
असं चुकलं की
रागवायलाही कुणी येत नाही.

मेस्क्वाकी वस्तीवरून लिओना पापाकी आली,
बूट चिखलात, हातात वही नाही.
अभियंता डॉल्बी बोलत राहिला:
उत्खननाला सहा आठवडे,
ठेकेदाराला रोजचे इतके.
मी बोलत राहिले:
नमुने, कालनिश्चिती, खोकी, क्रमांक.
लिओनानं सगळं ऐकून घेतलं
आणि विचारलं,
"तुमचा रस्ता उंच होऊ शकतो का?"

डॉल्बीनं कानामागची पेन्सिल काढली.
(आम्ही मीटरमध्ये खणतो,
ते इंचांत बांधतात.)
"सव्वीस इंच," म्हणाला. "होईल."

एकतीस वर्षं मी एकच विचारत आले,
काय काय बाहेर काढता येईल.

वाळू पसरली, कापड अंथरलं, पुन्हा वाळू.
व्हर्लिननं भरावाची पहिली बादली
इतकी हळू रिकामी केली
की ठेकेदारानं दोनदा घड्याळ पाहिलं.
लिओना तोवर कडेला उभी होती.
ती काय पुटपुटली ते मला ऐकू आलं नाही.
अहवालात मी ते लिहिलेलं नाही,
ऐकू आलं असतं तरी लिहिलं नसतं.

आता मैल एकेचाळीसला रस्ता जरासा उचलतो.
दुधाचा टँकर, शाळेची पिवळी बस,
पहाटपाळीला निघालेली नर्स,
सगळ्यांच्या पोटात एक बारीक झोका,
कॉफी कपाच्या काठापर्यंत चढते
आणि उतरते.
कुणीतरी तक्रार केली आहे,
एवढा पैसा ओतून रस्ता सपाट का नाही.
ती फिरत फिरत माझ्याच टेबलावर आली.
शेरा: आहे तो बरोबर आहे.

खाली पुढची फाईल.
सायकलमार्ग, दोन मैल, नदीकाठानं.
खड्डे बत्तीस. बत्तिसांत काही नाही.
फॉर्मवर त्यासाठी एकच चौकोन आहे.
'पाहिलं तिथे नाही' असं लिहायला
जागा ठेवलेली नाही.
मी समासात लिहिते, पेन्सिलीनं,
मागून येणाऱ्याला
खोडावंसं वाटलं तर खोडता येईल असं.